अण्णांच्या पुस्तिकेवरचा ठिपका

तो ठिपका अण्णांना प्रथम दिसला तेव्हा त्यांनी त्याला पूर्णविराम समजून योग्य तो मान दिला. ठिपका वाक्याच्या शेवटी, जिथे असायला हवा तिथेच, विनयाने बसलेला होता. परंतु आणखी काही ओळी खाली उतरल्यावर तसाच एक पूर्णविराम भर वाक्यात, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ठाण मांडून बसलेला आढळला. त्याच्या खाली, तेवढेच अंतर राखून, तिसरा होता. तो दोन परिच्छेदांमधल्या कोऱ्या जागेत एकटाच उभा होता, म्हणजे त्याला कुठल्याही वाक्याचा आधार उरलेला नव्हता. तिघेही एका सरळ रेषेत होते. अण्णांनी दुसरे पान छापले. तिघे तिथेही हजर होते.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानांवरचे दोष वेचून काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पानावर दोष उगवावा, यात नियतीने काही विनोद योजला असेल तर तो अण्णांना मुळीच आवडला नाही.

अण्णा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तो छापखाना आता राहिला नाही, त्याच्या जागेवर मोटारी उभ्या करण्याची सोय झाली आहे. परंतु अण्णांच्या मनातले ते लांबट दालन अजून तसेच आहे. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, खिडक्यांखाली उतरत्या मांडणीच्या लाकडी केसा, म्हणजे खिळ्यांच्या कप्पेदार पेट्या, आणि त्यांच्यापुढे उभे राहून शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे जुळारी. जुळवलेल्या मजकुराचा पहिला कच्चा छाप, म्हणजे प्रूफ, अण्णांच्या मेजावर येई. अण्णा त्यावर तांबड्या शाईने असा काही संहार मांडत, की ते पान परत गेल्यावर जुळाऱ्यांच्या दालनात थोडा वेळ दुखवटा पाळल्यासारखी शांतता पसरे. मग त्या शांततेतून एक धीरगंभीर आवाज येई, "शोधकसाहेबांना चष्मा बदलायला सांगा."

हा आवाज फोरमनचा. त्यांना आईवडिलांनी ठेवलेले एक नाव होते, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणी वापरले नाही. अण्णा आणि फोरमन उभ्या नोकरीत एकमेकांशी भांडत आले, आणि इतक्या आदराने भांडले की 'अहो-जाहो'ची मर्यादा एकदाही ओलांडली गेली नाही. दुपारचा चहा मात्र दोघे एकाच खिडकीत उभे राहून, बहुधा एक शब्दही न बोलता, घेत असत.

ते फोरमन येत्या रविवारी लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. लेक फार दूरच्या शहरात होती. ज्या वयात माणूस जिना चढण्यापूर्वी मनाशी दोनदा विचार करतो, त्या वयात 'कायमचे' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून दोघांपैकी कुणीही तो उच्चारला नव्हता. अण्णांनी मात्र मनोमन एक संकल्प सोडला होता. छापखान्याच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका लिहायची, आपल्याच घरी छापायची, आणि रविवार उजाडण्यापूर्वी ती फोरमनच्या हातात ठेवायची. पुस्तिकेत एकही दोष असता कामा नये, ही त्या संकल्पाची मुख्य अट होती. तोंडाने जे बोलायचे राहून गेले ते स्वच्छ छापून द्यावे, एवढाच त्यामागचा भाव.

लेझर प्रिंटर मुलाने परगावाहून पाठवलेला होता. अण्णांनी त्याच्याविषयी प्रारंभी सद्भाव बाळगला. त्याचा आवाज त्यांना जरा पोकळ वाटला; छापखान्यातल्या यंत्राने एक कागद उचलला की खालची फरशी शहारत असे, आणि हा तर नुसता घसा खाकरून मोकळा होई. पान बाहेर येई ते इस्त्रीखालून निघालेल्या सदऱ्यासारखे गरम. अण्णा ते नाकाशी नेत. शाईचा वास येत नसे. तरीही अक्षरे रेखीव होती, आणि अक्षरे रेखीव असली की अण्णा पुष्कळ काही क्षमा करीत. आता त्या रेखीव अक्षरांमध्ये हे त्रिकूट येऊन बसले होते.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणा की," वहिनी म्हणाल्या. अण्णांच्या पत्नीला साऱ्या इमारतीने वहिनीच केले होते. "घटकाभराचं काम."

"छापखान्यातल्या माणसाने दुकानातून छापून आणायचं?"

"मी कुठे कुणाला सांगायला जाणार आहे?"

"प्रस्तावनेत लिहिलंय मी. ही पुस्तिका लेखकाने स्वगृही, स्वतःच्या देखरेखीखाली मुद्रित केली आहे, असं."

"मग ते वाक्य काढून टाका."

काढून टाकणे ही क्रिया अण्णांना केवळ इतरांच्या वाक्यांच्या संदर्भात परिचित होती. ते मुलाला फोन करायला उठले.

मुलाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "अण्णा, तेच डाग सारख्याच अंतराने येत असतील तर ड्रमला काहीतरी लागलं असणार. आत तो गोल रूळ असतो ना, तो फिरतो, म्हणून डाग पुन्हा पुन्हा उमटतो. कार्ट्रिज बाहेर काढून एकदा बघा, पण..."

या 'पण' नंतर काय होते ते अण्णांना कळले नाही. परगावच्या माणसाशी फोनवर मोजके बोलावे, या जुन्या शिस्तीनुसार त्यांनी काम झाले असे समजून फोन ठेवला होता. शिवाय दारावरची घंटा वाजत होती.

दारात वरच्या मजल्यावरचे अभियंते होते. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या मते जगातील सर्व विकारांचे मूळ एकच असते, आणि ते त्यांनी पान हातात घेताक्षणी सांगितले.

"गळती."

"यात पाणी नसतं," अण्णा म्हणाले.

"पाणी नसेल, द्रव्य तर आहे ना? थेंब ठरावीक अंतराने पडतोय. म्हणजे नळी एकच आहे. सोपं आहे."

इतक्यात शेजारचे डॉक्टर आत आले. शेजारच्या घरात काही बिघडले आहे हे त्यांना भिंतीतून कळत असे. ते होमिओपॅथीचे उपासक होते, आणि त्यांनी प्रिंटरची नाडी तेवढी पाहिली नाही. बाकी सगळे विचारले.

"सकाळी जास्त होतं की संध्याकाळी?"

"सारखंच होतं."

"थंडीने वाढतं की उन्हाने?"

"अहो डॉक्टर, तो प्रिंटर आहे."

"असू द्या. स्वभाव प्रत्येकाला असतो." डॉक्टरांनी पान डोळ्यांजवळ धरले. "हा विकार पानावर दिसतोय, पण पानाचा नाही. मुळाशी जायला हवं. माझं ऐकाल तर घाई करू नका. लक्षण आणखी वाढू द्या, पूर्ण उमटू द्या."

"रविवारपर्यंत उमटून बरंही व्हायला हवं," वहिनी म्हणाल्या.

अभियंत्यांना उमटण्याची वाट पाहणे मान्य नव्हते. साठलेले हलवल्यावाचून वाहत नाही, असा त्यांचा खात्यातला अनुभव होता. त्यांनी प्रिंटरचे पोट उघडले, आतील कार्ट्रिज बाहेर काढले, आणि प्रौढ माणूस जितक्या जोराने एखादी वस्तू हलवत असेल त्याच्या दुपटीने ते हलवले. टोनर नावाची जी काळी पूड असते ती इतकी सूक्ष्म असते की ती पडत नाही, पसरते. काही क्षण कुणालाच काही झाल्यासारखे वाटले नाही. मग वहिनींनी डॉक्टरांकडे पाहिले, डॉक्टरांनी अभियंत्यांकडे, आणि अभियंत्यांनी आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे.

"गरम पाण्याने लगेच जाईल," अभियंते म्हणाले. पाणी हा त्यांचा अधिकारप्रांत असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. ती पूड उष्णतेने वितळून धाग्याला जन्माची चिकटते, आणि नेमके याच गुणावर हे सगळे यंत्र चालते, हे ज्ञान सदरा बादलीतून बाहेर आल्यावर सर्वांना एकदम झाले. सदऱ्यावर आषाढातले आकाश उतरले होते. अभियंते तो पिळून हातात घेऊन, अण्णांच्या घरचा टॉवेल खांद्यावर टाकून वर गेले. वरून थोड्याच वेळात त्यांच्या पत्नीचा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला.

पुढचे पान छापले गेले त्यात तीनही ठिपके आपापल्या जागी सुखरूप होते. नवीन एवढेच होते की डावीकडची अक्षरे फिकट झाली होती, जणू लांबून कुणी हळू आवाजात वाचत आहे.

अण्णा त्या पानाकडे पाहत बसले. ते पान नेमके कागदाविषयीचे होते. छापखान्यात जाड, खरबरीत कागद येई तेव्हा फोरमन तो आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यांत गुंडाळून, वर फळी आणि फळीवर वजन ठेवून जात. सकाळी तो कागद हाताला गार आणि मऊ लागे, आणि शाई त्यावर अशी बसे की अक्षर जणू कागदातूनच वर आले आहे. "कोरडा कागद शाईला दारातूनच परत पाठवतो," फोरमन म्हणत. अण्णांनी हे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे घेतले होते. आता ते छापील अक्षरांत वाचताना त्यांना वाटले, की औषध आपल्याच पानावर लिहिलेले असताना आपण वैद्य शोधत फिरलो.

वहिनींचा स्वयंपाकघरातला पंचा ओला करून त्यांनी कागदाची थप्पी त्यात गुंडाळली आणि वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद हाताला गार लागला. अण्णांना कित्येक वर्षांत इतके बरे वाटले नव्हते. त्यांनी तो प्रिंटरच्या खणात ठेवला आणि आज्ञा दिली.

यंत्राने घसा खाकरला, ते थांबले, आणि मग त्याच्या मागच्या फटीतून पांढरा धूर निघाला.

वस्तुतः ती वाफ होती. यंत्राच्या आत पूड वितळवणारा एक तापलेला रूळ असतो, आणि त्याच्यापुढून ओला कागद गेला की दुसरे काय होणार? परंतु हे शास्त्र आठवायला लागते ती स्वस्थता त्या वेळी घरात नव्हती. वहिनींनी "अहो, पेटलं," असे म्हटले ते जिन्यात ऐकू गेले. जिन्यात अभियंते होते. त्यांनी कर्तव्यबुद्धीने खाली धाव घेऊन साऱ्या इमारतीचा विजेचा मुख्य खटका खाली ओढला. आग लागलेली नव्हती, ती आपोआप विझली. मात्र डॉक्टर त्या वेळी दवाखान्यातून परतत लिफ्टमध्ये होते, ते दोन मजल्यांच्या मधोमध अंधारात अडकले.

"डॉक्टर, घाबरू नका," अण्णा लिफ्टच्या जाळीशी तोंड नेऊन म्हणाले.

"मी घाबरलो नाही," आतून आवाज आला. "आता लक्षण पूर्ण उमटलं का, तेवढं सांगा."

प्रिंटरमधून ओढून काढलेला कागद पन्हळीसारखा वळला होता. त्यावरची अक्षरे बोट लावले की बोटावर येत होती. ठिपके तेवढे पक्के बसले होते.

यानंतर अण्णांनी परक्या सल्ल्याचा मार्ग सोडला आणि शोधकाच्या मूळ धर्माकडे वळले. दोष पाहायचा तर उजेडात पाहायचा. छापखान्यातही त्यांनी दिव्याखाली कधी प्रूफ तपासले नव्हते. मेज खिडकीशी लावून घेण्यासाठी त्यांनी व्यवस्थापकांशी दीर्घ लढा दिला होता. त्यांनी कार्ट्रिज काढले, वरचे झाकण बोटाने सरकवले, आणि आतला तो निळसर, गुळगुळीत रूळ गॅलरीतल्या भर उन्हात धरला. रुळावर एका जागी मोहरीएवढा ओरखडा होता. सापडला. अण्णांचे मन भरून आले. त्यांनी तो ओरखडा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, वहिनींना हाक मारून दाखवला, चहा मागवला, आणि चहा होईपर्यंत ते कार्ट्रिज उन्हातच गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. शत्रू सापडल्यावर थोडे निवांत व्हावे, एवढाच त्यात हेतू.

चहा घेताना मुलाचा फोन आला.

"अण्णा, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात. मी सांगत होतो की कार्ट्रिज बघा, पण उजेडात नेऊ नका. त्या रुळाला ऊन अजिबात चालत नाही. बिघडतो तो."

अण्णांनी कठड्याकडे पाहिले.

"अण्णा? आहात ना?"

"आहे."

"नेलं नाहीत ना उन्हात?"

"आता नेणार नाही," अण्णा म्हणाले, आणि हे वाक्य शब्दशः सत्य होते.

त्यानंतर छापलेली पाने सर्वस्वी निराळ्या काळची वाटत होती. पानभर एक करडी सावली पसरली होती, जशी सायंकाळी दिवा लावायचा राहून गेला की खोलीत पसरते. त्या सावलीत जुळारी उभे होते, केसा होत्या, खिडक्या होत्या, आणि तीन ठिपके होते.

"मला तर बरं वाटतंय हे," वहिनी पान लांब धरून म्हणाल्या. "आठवणींचंच पुस्तक आहे ना. जुनं दिसतं."

"जुनं दिसणं आणि मळकं दिसणं यात फरक आहे."

"आपल्याकडे बघून तसं वाटत नाही," वहिनी म्हणाल्या आणि पान खाली ठेवून आत गेल्या.

उरला होता सेवा केंद्राचा दरवाजा. ते एका मोठ्या काचेच्या इमारतीत होते. तिथे यंत्र आणणाऱ्याला एक क्रमांक मिळे आणि मग त्याने खुर्चीवर बसून आपले नाव विसरावे अशी अपेक्षा असे. अण्णांचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा ते प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेले होते आणि त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. काउंटरवरच्या बाई अत्यंत सौजन्यशील होत्या. सौजन्य हा त्यांच्या कार्यालयाचा नियम असावा, कारण त्यातून सुटका नव्हती.

"काका, तक्रारीचा अर्ज आमच्या संकेतस्थळावरून छापून आणायचा असतो."

अण्णांनी तो आणला होता. त्यांनी तो पुढे केला.

"हा डागाळलाय, काका. यंत्राचा क्रमांक वाचता येत नाहीये. संगणक हा स्वीकारणार नाही."

"ज्या प्रिंटरची तक्रार आहे त्याच्यावरच छापलाय हा."

"हो, पण अर्ज स्वच्छ हवा."

"स्वच्छ छापला असता तर तक्रार कशाला केली असती?"

बाईंनी या प्रश्नावर मनापासून विचार केला. "असं फारसं कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या, आणि सहानुभूतीने आपल्या यंत्रावर दुसरा अर्ज छापून दिला. तो इतका निर्दोष आला की अण्णांनी नजर वळवली.

अर्ज स्वीकारला गेल्यावर बाईंनी हमीपत्र पाहिले. ड्रम आणि टोनर हमीत येत नाहीत, असे त्यांनी हळुवारपणे सांगितले.

"का बरं?"

"त्या झिजणाऱ्या वस्तू आहेत ना, काका."

"मग हमी कशाची?"

"ज्या झिजत नाहीत त्यांची."

"ज्या झिजतच नाहीत त्या बिघडतील कशा?"

"म्हणूनच आम्ही त्यांची हमी देतो," बाई म्हणाल्या.

अण्णा तर्कशास्त्र शिकलेले होते. समोरचे विधान अभेद्य आहे हे त्यांनी ओळखले आणि प्रामाणिकपणे मान लववली. नवे कार्ट्रिज मागवता येईल, पण या जुन्या प्रकारच्या यंत्राचे ते दुरून यावे लागते, असे बाईंनी सांगितले. कधी येईल? पुढच्या पंधरवड्यात कधीतरी. आणि रविवार तर परवावर आला होता.

घरी परतल्यावर अण्णांनी सगळी पाने जमिनीवर पसरली. प्रत्येक मजकुराची जी त्यातल्या त्यात बरी प्रत होती ती निवडली. ऊन लागण्यापूर्वीची पाने पुष्कळशी निघाली. सावलीची थोडीच घ्यावी लागली. ठिपके दाढीच्या पात्याने खरवडून काढता येतात का पाहिले. येतात, परंतु ठिपक्याबरोबर त्याखालचा कागदही येतो, आणि मग ठिपक्याच्या जागी पलीकडच्या पानावरचे एक अक्षर डोकावू लागते. तो उद्योग त्यांनी सोडला. वहिनींनी सुईदोरा आणला आणि पाने मधोमध शिवून दिली.

"देऊ का नको?" अण्णांनी विचारले. आपल्या कामाविषयी त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारल्याचे वहिनींच्या स्मरणात नव्हते.

"देऊ नका," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "घरात ठेवा. फोरमन गेले की रोज काढून बघत बसा."

शनिवारी सकाळी अण्णा फोरमनच्या घरी गेले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती, आणि भिंतींवर तसबिरी होत्या तिथे फिक्या चौकटी उरल्या होत्या. बसायला दोन खुर्च्या तेवढ्या मोकळ्या होत्या. फोरमन एका खोक्यावर दोरी आवळत होते. गाठ मारून झाल्याशिवाय त्यांनी वर पाहिले नाही.

"या शोधकसाहेब. चष्मा बदललात वाटतं."

"कधीच बदलला. तुम्हाला आज दिसला."

यानंतर बोलायचे ते सगळे एका शब्दाभोवती होते आणि तो शब्द दोघे चुकवत होते. अण्णांनी पिशवीतून पुस्तिका काढून पुढे केली. स्पष्टीकरणाचे एक वाक्य त्यांनी वाटेत तयार केले होते, ते आता सापडेना.

फोरमननी पुस्तिका घेतली. प्रथम एका पानाची पाठ चाचपली. अक्षराचा दाब कागदाच्या पलीकडे किती उमटला हे ते आयुष्यभर बोटाने पाहत आले होते. "याच्या पाठीला काही कळलेलंच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग खुर्ची खिडकीशी ओढून ते वाचायला बसले.

ते सावकाश वाचत होते. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, पाण्याचा टँकर येऊन गेला. अण्णा समोरच्या रिकाम्या चौकटी पाहत राहिले. प्रत्येक पान उलटले की त्यांना तिथले ठिपके दिसत, उलट्या बाजूनेही दिसत. अखेर त्यांना राहवले नाही.

"मध्ये ते काळे ठिपके आहेत. तिकडे लक्ष देऊ नका. यंत्राच्या ड्रमला ओरखडा गेलाय."

"दिसले," फोरमन मान वर न करता म्हणाले. "यंत्राच्या चुका यंत्राच्या. तुमच्या आधी बघू."

"माझ्या?"

"भरलेला फर्मा हातातून निसटला, खिळे सगळ्या फरशीवर पांगले, तो दिवस लिहिलाय तुम्ही."

"हो. सगळे जमिनीवर बसून खिळे वेचत होते. आणि तुम्ही खिडकीशी पाषाणासारखे उभे होतात. चकार शब्द काढला नाहीत."

"मी हसत होतो."

"मी तुम्हाला हसताना कधी पाहिलेलं नाही."

"तुम्हाला पाठ करूनच उभा होतो. तुम्ही धोतराचा सोगा सावरत मेजाखाली शिरला होतात, एक विसर्ग शोधायला. सगळा मजकूर धुळीला मिळालेला, आणि तुम्हाला त्या विसर्गाची काळजी." फोरमनच्या गालावर काहीतरी हलले आणि लगेच स्थिर झाले. "हे चुकीचं छापलंय. आणि छापलंतच कसं तुम्ही?"

"म्हणजे?"

"आपला नियम काय होता? शोधकाची सही आणि फोरमनची सही, दोन्ही पडल्याशिवाय पान यंत्रावर चढायचं नाही. माझ्याकडे प्रूफ आलं होतं?"

गुप्ततेच्या नादात, आनंदाचा धक्का देण्याच्या मोहात, ज्या नियमाचा त्यांना सर्वांत अधिक अभिमान होता तोच अण्णांनी मोडला होता. त्या छापखान्यातून एकही पान त्या दुसऱ्या सहीवाचून बाहेर पडले नव्हते. आणि ज्याची सही घ्यायची त्यालाच त्यांनी छापून झालेली पुस्तिका आणून दिली होती.

"नाही आलं," ते म्हणाले.

"मग हे पुस्तक नव्हे. हे पहिलं प्रूफ आहे."

फोरमननी हात पुढे केला. अण्णांनी खिशातले पेन दिले. मग त्या खिडकीशी बसून फोरमननी समासात खुणा करायला सुरुवात केली, आणि त्या खुणा कशा करायच्या हे ते अण्णांच्याच खुणा दुरुस्त करता करता शिकले असल्यामुळे त्यात कुठेही दयामाया नव्हती. चहाला कप एकच राहिला आहे, बाकीचे बांधले गेले, असे त्यांनी पहिले पान तपासतानाच सांगितले, आणि चहा झाल्यावर तो कप दोघांनी आळीपाळीने घेतला. पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र डावीकडे नव्हते, उजवीकडे होते. अमक्या जुळाऱ्याला तोतरा म्हटले आहे, तो फक्त अण्णांसमोर तोतरा होत असे. कागद आदल्या संध्याकाळी नव्हे, दुपारीच ओला करावा लागे. मध्येच अण्णा उसळून म्हणत, "हे मला मान्य नाही," आणि फोरमन शांतपणे म्हणत, "समासात लिहा, पुढच्या प्रुफात बघू." ठिपक्यांना त्यांनी हात लावला नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर फोरमननी लेकीचा पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहिला, सहीची जागा मोकळी सोडली, आणि पुस्तिका अण्णांच्या हाती परत दिली.

"दुरुस्त करून पाठवा. मी बघेन. घाईघाईने सही करणारा मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मीही घाईघाईने दुरुस्ती मान्य करणारा नव्हे."

दारापर्यंत पोचवायला फोरमन आले नाहीत. ते पुन्हा दोरी आवळायला बसले होते. अण्णा जिना उतरताना कठडा धरायला विसरले, हे खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आले.

वहिनी दारातच वाट पाहत होत्या. अण्णांच्या हातातली पुस्तिका पाहून त्यांचा चेहरा उतरला. "घेतली नाही त्यांनी?"

"परत केली. चुकांनी भरलेली आहे म्हणाले."

"ठिपक्यांवरून?"

"ठिपक्यांचं नावही काढलं नाही." अण्णांनी चपला काढल्या, थेट मेजाशी गेले आणि प्रिंटरचे बटण दाबले. यंत्राने घसा खाकरला. "दुसरं प्रूफ पाठवायचंय. मग तिसरं लागेल. फोरमन आहेत ते, चौथंही मागतील."

"पण नवं कार्ट्रिज यायला पंधरा दिवस आहेत. याच्यावर छापाल तर पुन्हा तेच डाग."

अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले आणि कोरडा कागद खणात नीट लावू लागले.

"येऊ देत," ते म्हणाले. "प्रुफाला चालतात."